मालिशने छाती फुगते का? टेप लावून बघितलं

सोलापुरात विजापूर रोडला एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर हे मालिश केंद्र आहे. खाली औषधाचं दुकान, शेजारी झेरॉक्स, जिन्यात चपलांचा ढीग. नाव लिहीत नाही, कारण केंद्र चालवणाऱ्या अण्णांनीच तशी विनंती केली. रविवारी आधीच बसायला जागा नसते, म्हणाले. ज्याला खरंच जायचंय त्याला त्या भागात कुणीही जिना दाखवेल.

माझा धंदा शाळेच्या गणवेशांच्या कटिंगचा. अशोक चौकाच्या पुढे कारखाना आहे, कारखाना म्हणजे दोन गाळे. मार्च ते जून आमचा सीझन. तेव्हा सकाळपासून टेबलावर ओणवं होऊन मार्किंग करायचं, लेयरवर कटर मशीन चालवायचं, की पुन्हा पुढचा थान. वय 52. विडी-तंबाखू नाही, दमा नाही. पण सीझनमध्ये संध्याकाळ झाली की खांदे वर चढलेले असतात आणि श्वास गळ्यापाशीच अडल्यासारखा वाटतो, खाली उतरतच नाही. ईसीजी झाला, छातीचा फोटो झाला, दोन्ही स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, वाकायचं कमी करा. कटिंग मास्तरला हा सल्ला देणाऱ्या डॉक्टरांची फी मात्र मी पूर्ण दिली.

तर केंद्राकडे येऊ. जिन्याच्या तोंडाशी फ्लेक्स लावलाय. त्यावर दावे असे: फुफ्फुसांची क्षमता वाढते, रक्तातला ऑक्सिजन वाढतो, छाती जास्त फुगते, श्वास संथ आणि खोल होतो. यातला शेवटचा खरा आहे. बाकीचे मी तपासून बघितले, कारण माझ्या गळ्यात दिवसभर इंची टेप असतो आणि घरात फिजिओथेरपी शिकणारी भाची आहे. या दोन गोष्टी असल्यावर फ्लेक्सवर विश्वास ठेवून गप्प बसणं अवघड जातं.

आधी मालिशबद्दल, कारण ते झकास आहे. अण्णा तालमीत वाढलेले, हात जड पण अंदाज पक्का. टेबलावर घेण्याआधी विचारतात: ताप आहे का, अलीकडे ऑपरेशन झालंय का, फासळी कधी मोडली होती का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, पायाला एकाच बाजूला सूज आहे का. कुणी यातल्या कशाला 'हो' म्हणालं तर सरळ परत पाठवतात. माझ्या डोळ्यांदेखत एका काकांना परत पाठवलं, आणि काका चांगलेच चिडले होते. मला या एका गोष्टीवरून केंद्राबद्दल विश्वास वाटला.

तेल तिळाचं किंवा करडईचं. करडई आपल्या जिल्ह्याची, तिचं तेल हलकं असतं आणि वासाला उग्र नाही, मी तेच घेतो. घरून आणलेलं तेलही चालतं, फक्त त्याचे पैसे कमी होत नाहीत. वाटी गरम पाण्यात ठेवून तेल कोमट करतात. आधी पालथं झोपवतात. मणक्याच्या दोन्ही बाजूंनी अंगठे वरून खाली, मग खांद्याच्या पात्याच्या कडेने. तिथे माझ्या उजव्या बाजूला कायमची गाठ आहे, कटर मशीन ढकलून ढकलून झालेली. अण्णा तिथे घाई करत नाहीत. अंगठा ठेवतात आणि थांबतात. "मास्तर, श्वास सोडा. तुम्ही सोडला की मी आत जातो, धरून ठेवला तर मीपण थांबतो." ही त्यांची पद्धत मला सर्वांत आवडली. दाबाची लय श्वासाला बांधलेली असते. दहा मिनिटांत आपण आपोआप लांब श्वास सोडायला लागतो, कुणी 'दीर्घ श्वसन करा' असं न सांगता.

मग उताणं. गळपट्टीच्या हाडाखाली, छातीच्या वरच्या कोपऱ्यात खांद्याकडे जाणारा एक छोटा स्नायू असतो, तिथे बोटं टेकली की माझ्यासारख्या वाकून काम करणाऱ्याच्या तोंडून आवाज निघतोच. भाची सांगते, हा स्नायू तिसऱ्या ते पाचव्या फासळीपासून निघून खांद्याच्या पात्याला जाऊन मिळतो, आणि पुढे झुकून बसणाऱ्यांचा आखडून राहतो. त्यानंतर दोन फासळ्यांमधल्या खाचा, मग फासळ्यांच्या खालच्या कडेला हलका दाब, तोही फक्त श्वास सोडताना. मानेच्या बाजूने बोटं फिरतात, पण घशाच्या समोर अण्णा हात लावत नाहीत. तिथे मेंदूकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी आहे आणि ती दाबायची नसते. हे ज्याला माहीत नाही अशा माणसाकडे मान देऊ नका, मग तो कितीही स्वस्त असो.

आता मोजमाप. घड्याळ धरून स्वतःचे श्वास मोजता येत नाहीत, मोजायला लागलं की श्वासच बदलतो. म्हणून दवाखान्यात नर्स नाडी धरल्याचं दाखवतात आणि नजर छातीवर ठेवतात. आमच्याकडे हे काम बायकोने केलं. मी बातम्या बघत पडलेलो असताना तिने भिंतीवरच्या घड्याळावर पूर्ण मिनिट मोजायचं, मला कळू द्यायचं नाही. सीझनमधल्या संध्याकाळी मिनिटाला 17-18 श्वास निघाले. मोठ्या माणसाचे 12 ते 20 धरतात, म्हणजे बिघाड काही नाही. मालिश करून आलेल्या संध्याकाळी 12 नाहीतर 13. दुसऱ्या दिवशी दुपारी कारखान्यात पुन्हा 16. म्हणजे फरक पडतो, दिसतो, आणि रात्र सरली की उतरतो.

हा फरक छोटा वाटेल, पण त्यात हिशेब आहे. भाचीने वहीत मांडून दाखवला. आपण आत घेतो त्या प्रत्येक श्वासातली साधारण 150 मिली हवा नाक, घसा आणि नळ्यांतच राहते, तिचा रक्ताला उपयोग नाही. मिनिटाला 20 उथळ श्वास, प्रत्येकी 300 मिली, म्हणजे एकूण 6 लिटर. मिनिटाला 12 खोल श्वास, प्रत्येकी 500 मिली, म्हणजेही 6 लिटर. पण पहिल्यात उपयोगाची हवा 3 लिटर, दुसऱ्यात 4.2 लिटर. मेहनत जवळपास तेवढीच, पदरात जास्त. मालिशनंतर 'मोकळं वाटतं' म्हणतात त्यामागे मला यातलंच काहीतरी दिसतं. खांदे खाली आले, मानेच्या स्नायूंनी फासळ्या वर ओढायचं थांबवलं, की शांत श्वासाचं काम ज्याचं आहे त्या श्वासपटलाकडे, म्हणजे छाती आणि पोटामधल्या पडद्याकडे, परत जातं. पोट हलायला लागतं. बायकोलाही मोजताना हेच दिसलं, आधी माझी छाती हलायची, आता बनियनचा खालचा भाग हलतो.

ऑक्सिजनचा दावा मात्र पहिल्या झटक्यात पडला. कोरोनात घेतलेलं बोटाचं मशीन अजून कपाटात आहे, सेल बदलून लावलं. मालिशआधी 98, मालिशनंतर 98. धडधाकट माणसाचं रक्त आधीच जवळपास भरलेलं असतं, त्यात आणखी कुठून भरणार? फ्लेक्सवर हा दावा लिहिणाऱ्याने निदान घरातलं मशीन लावून बघायला हवं होतं.

छातीचं माप माझ्या हातखंड्याचा विषय. पूर्ण सोडलेल्या श्वासावर एकदा आणि पूर्ण भरलेल्यावर एकदा, टेप त्याच पातळीवर, हात खाली. आधी फरक आला साडेचार सेंटीमीटर, मालिशनंतर पाच. आता अर्धा सेंटीमीटर वाढला म्हणून नाचायचं का? तीस वर्षं मापं घेणारा माणूस म्हणून सांगतो, एकाच गिऱ्हाइकाची छाती दोनदा मोजली तर अर्धा सेंटीमीटर इकडे-तिकडे होतोच. टेप किती ताणला, गिऱ्हाईक कसं उभं राहिलं, यातच तो मावतो.

शेवटी भाचीकडून पीक फ्लो मीटर आणला, जोरात फुंकर मारायची ती नळी. तीनदा फुंकायचं आणि सर्वांत मोठा आकडा धरायचा अशी रीत आहे. मालिशआधी 510, मालिशनंतर 500. कमीच झाला की! अर्थात तोही फरक काही अर्थाचा नाही. तेल लावून, ढिला पडून आलेल्या माणसाला जीव खाऊन फुंकर मारायची इच्छा नसते, एवढंच त्यातून कळतं.

क्षमता का वाढत नाही, याचं उत्तर जुनं आहे. लंडनच्या जॉन हचिन्सन यांनी 1846 मध्ये स्पायरोमीटर, म्हणजे फुंकून सोडलेली हवा मोजायचं यंत्र, लोकांपुढे मांडला, दोन हजारांहून जास्त माणसांना त्यात फुंकायला लावलं आणि दाखवून दिलं की माणूस जितका उंच तितकी ही क्षमता जास्त. वयाने ती उतरते. पंचविशीपर्यंत ती वरच्या टोकाला पोहोचते, पुढे पहिल्या सेकंदात जोराने सोडता येणारी हवा निरोगी माणसातही वर्षाला पंचवीस-तीस मिलीने घटत जाते. अण्णांच्या अंगठ्याने माझी उंची वाढणार नाही आणि वय उतरणार नाही. आमच्या भाषेत सांगतो. शर्टाचा मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो घेर, तंग असला तर हात वर जात नाही, मुंढा सैल केला की जातो. पण त्याने हात लांब होत नाही. मालिश मुंढा सैल करतं.

अण्णांना हे सांगितलं तर त्यांनी भिंतीवर लावलेलं एक कात्रण दाखवलं, मालिशने दम्याच्या मुलांची फुफ्फुसं सुधारली असं काहीसं. तो अभ्यास खरा आहे. अमेरिकेत मायामी विद्यापीठातल्या टिफनी फील्ड आणि सहकाऱ्यांचा, 1998 सालचा. आईबापांनी रोज झोपण्याआधी 20 मिनिटं मुलांना मालिश करायची, महिनाभर. लहान मुलांमध्ये फुंकरीचे आकडे सुधारले, मोठ्या मुलांमध्ये फारसे नाहीत. पण ती मुलं दम्याची होती, म्हणजे नळ्या आधीच आवळलेल्या, सुधारायला जागा होती. आणि ती बारा दिशांनी वाकणारी कोवळी पोरं, मी बावन्न वर्षांचा टेबलावर ओणवा झालेला. ते कात्रण माझ्या टेबलासमोर लावून उपयोग काय? अण्णा हसले आणि म्हणाले, "मास्तर, फ्लेक्स छापणाऱ्यानं लिहिलंय ते, मी नाही." कात्रण मात्र अजून तिथेच आहे.

एक प्रयोग अण्णांना आवडला नाही. घरी चटईवर, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, पंखा लावून तेवढाच वेळ नुसता पडून राहिलो. बायकोने मोजले तर श्वास 14. म्हणजे संथ होण्याचा बराचसा भाग तेलाचा नाहीच, गप्प पडून राहण्याचा आहे. उरलेला फरक आणि खांद्याची गाठ एवढी अण्णांची कमाई. मग पैसे का द्यायचे? माझं उत्तर सरळ आहे: घरी अर्धा तास मला कुणी पडू देत नाही. सीझनमध्ये तर नाहीच. कापडवाल्याचा फोन, शाळेचा फोन, ओव्हरलॉक बंद पडलं म्हणून पोरगं दारात. टेबलावर तेल लावून पालथ्या पडलेल्या माणसाला मात्र कुणी उठवत नाही.

निलगिरी, कापूर आणि पुदिन्याचा अर्क घातलेलं एक 'स्पेशल श्वास तेल' आहे, त्याला शंभर रुपये जादा. घेऊ नका. नाक एकदम उघडल्यासारखं वाटतं खरं, पण पुदिन्याचा तो थंडावा नाकातल्या गारवा ओळखणाऱ्या नसांना चाळवतो आणि मेंदूला वाटतं हवा जास्त येतेय. नाकातली वाट तेवढीच असते. शंभर रुपयांत नव्या पेठेत शेंगाचटणी येते, ती घ्या.

सोरेगावला एसआरपीएफचा, म्हणजे राज्य राखीव पोलीस दलाचा, गट क्रमांक 10 आहे, त्यामुळे विजापूर रोडला पहाटे पळणारी पोरं बरीच दिसतात. त्यातली काही या केंद्रात येतात, फ्लेक्सवरचं 'छाती फुगते' वाचून. भरतीत पुरुष उमेदवाराला न फुगवता 79 सेंटीमीटर आणि फुगवून त्यावर किमान 5 सेंटीमीटर लागतात, आणि अर्धा सेंटीमीटर कमी पडला तरी पोरगं बाहेर. मंगळवेढ्याकडचा एक मुलगा बाकावर माझ्याशेजारी बसला होता. टेप माझ्या खिशात होताच, जिन्यातच त्याची छाती मोजली. फुगवताना तो खांदे वर उचलत होता आणि पोट आत ओढत होता. पोट आत ओढलं की श्वासपटल खाली कसं जाणार? खांदे खाली ठेव, फासळ्या बाजूला पसरव, म्हटलं. तेवढ्याने माप सव्वा सेंटीमीटर पुढे गेलं, आणि तो तेल न लावताच घरी गेला. अण्णांचं एक गिऱ्हाईक मी घालवलं, पण खरं सांगायचं तर असली पोरं फसू नयेत म्हणूनच हे सगळं लिहायला बसलो.

आणखी एक गोष्ट या गावात लिहायलाच हवी. माझे वडील कापडगिरणीत कार्डिंग खात्यात, म्हणजे कापूस पिंजायच्या खात्यात होते. सुट्टीनंतर कामावर गेले की पहिल्याच दिवशी त्यांची छाती आवळायची, आठवडा पुढे सरकला की कमी व्हायची. आई रात्री मोहरीचं तेल चोळायची, लसूण घालून कडवलेलं. त्यांना बरं वाटायचं, झोप लागायची. पण ती कापसाच्या धुळीची छाती होती आणि ती चोळून सुटत नसते. आजही यंत्रमागावर, सूत कारखान्यात अशी छाती आवळणारी माणसं आहेत. त्यांनी या जिन्यावर चढू नये, फुफ्फुसाच्या डॉक्टरकडे जावं. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असलेल्यांनीही आधी थुंकी तपासून घ्यावी. मी वर जे काही लिहिलंय ते निरोगी माणसाबद्दल आहे.

केंद्राच्या खोड्याही सांगतो. पालथं झोपल्यावर तोंडासाठी टेबलाला जे भोक आहे त्याची कड टणक आहे, कपाळावर वळ उठतो आणि नाक चोंदल्यासारखं होतं. श्वास मोकळा करायला आलेल्या माणसाला पहिली पंधरा मिनिटं तोंडाने श्वास घ्यायला लावणं काही बरोबर नाही. या गावात टर्किश टॉवेलची कमी आहे का? दोन पदरी टॉवेलची गुंडाळी करून ठेवा की कडेने. मी सांगितलं, अजून झालेलं नाही. छातीखाली उशी मात्र मागितली तर देतात, मागाच. तिने फासळ्यांवर शरीराचं सगळं वजन येत नाही आणि श्वास सुखाने चालतो.

वाफेची पेटी आहे, 200 रुपये वेगळे. थंडीत ठीक. एप्रिल-मेमध्ये बाहेर 42-43 अंश असताना पेटीत शिरणाऱ्याला मी हात जोडतो. आंघोळीची सोय नावाला आहे, कारण पाणी रोज येत नाही हे आपल्याला नव्याने सांगायला नको. कोरड्या टॉवेलने पुसून देतात, घरी जाऊन डाळीच्या पिठाने आंघोळ करायची. सहायक म्हणून एक पोरगा आहे, त्याचा हात अजून बसलेला नाही. त्याने पाठीच्या खालच्या दोन सुट्या फासळ्यांवर कोपर टेकवलं होतं, तिथे सांगून थांबवावं लागतं. म्हातारी, हाडं ठिसूळ झालेली माणसं असतील तर त्याच्याकडे देऊच नका, अण्णांचीच वेळ घ्या.

बायकांसाठी दुपारी एक ताई येतात, वेगळी खोली, आतून कडी. माझी बायको एकदा जाऊन आली. तिचं म्हणणं, श्वासाबिसाचं तिला काही कळलं नाही, पण शिलाई मशीनवर बसून दुखणारं डोकं दोन दिवस दुखलं नाही. ताईंचा हात अण्णांपेक्षा हलका आणि गप्पा जास्त. गप्पा नको असतील तर सुरुवातीलाच सांगा, वाईट वाटून घेत नाहीत.

दर: पाठ, मान, खांदे आणि छाती मिळून पाऊण तास 500 रुपये, पूर्ण अंग 900. श्वासासाठी जाणार असाल तर पाऊण तासवालंच घ्या, पाय चोळून श्वासाला काही मिळत नाही. जेवण करून दोन तास तरी जाऊ द्या, भरल्या पोटी फासळ्यांखालचा दाब सोसत नाही. फोनवर वेळ घ्या, संध्याकाळी सहानंतर गर्दी, दुपारी तीनच्या सुमाराला निवांत. सोमवारी बंद, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, मुख्य दिवसांतही बंद. पैसे रोख किंवा फोनवरून, पावती मागितली तर मिळते. आणि जाताना जुना बनियन घालून जा. करडईचं तेल सुती कापडात एकदा मुरलं की डाग सहज जात नाही. आधी कोरडं पीठ भुरभुरून रात्रभर ठेवा, मगच साबण.